खेकडा कुठून गळत होता

मी पुंजाजी, धाडचा. माझ्या हाताला लागलेली वस्तू सहसा बिघडलेली राहत नाही. हे मी माझ्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट पाहण्याइतका धीर माझ्यात नाही. चार एकरांचं ठिबक मी एकट्याने अंथरलं. विहिरीवरची मोटर तीनदा उघडून पुन्हा बसवली. शेजाऱ्यांचे फवारणीचे पंप, घरातला मिक्सर, बुद्धविहारातला भोंगा, सगळ्यांनी माझा हात पाहिला आहे. माझी बायको कलाबाई म्हणते, माझ्या हाताखालून गेल्यापासून तो भोंगा घोगरा बोलतो. तिच्या कानाचा काहीतरी दोष असावा.

दोन वर्षांपूर्वी मी विहिरीच्या पायरीवरून घसरलो आणि उजव्या गुडघ्याचं वाटोळं झालं. डॉक्टरने आत लोखंडी पट्टी बसवली. आता मी काठी घेऊन ग्रामपंचायतीपर्यंत जातो, त्याच्या पुढे पाय ऐकत नाही. माझं वावर डोंगराच्या पायथ्याला, घरापासून दोन किलोमीटरवर. मध्ये नाला, पुढे पांदण, म्हणजे गोट्यांनी भरलेली गाडीवाट. मोटारसायकल चालवायची तर पाय टेकवावा लागतो आणि टेकवायला माझ्याकडे पाय नव्हता. ट्रॅक्टरवर चढवत नव्हतं. सहा महिने मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिलो, माझी मिरची कशी आहे? लोक म्हणायचे, चांगली आहे. चांगली म्हणजे पानं कोकडली आहेत की नाहीत, फुलं गळतात की टिकतात, हे एकालाही सांगता येत नव्हतं. मला त्या सहा महिन्यांत सगळ्या गावाचा राग आला होता.

मग एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मालकाकडून मी जुनी एटीव्ही घेतली. चार रुंद टायर, मोटारसायकलसारखं हँडल, बसायला घोड्यासारखी गादी. पाय टेकवायची गरजच नाही. गाव पोट धरून हसलं आणि तिला ‘खेकडा’ नाव ठेवलं. मीही तेच ठेवलं, म्हणजे चिडवण्यातली मजा गेली. डांबरी रस्त्यावर न्यायला तिला परवानगी नाही; मला डांबरीवर जायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी नाला ओलांडून, पांदणीचा चढ चढून, एकटा माझ्या वावरात पोचलो. धुऱ्यावर, बांधाशी, गाडी उभी केली आणि ढसाढसा रडलो. तिथे कोणी नव्हतं, म्हणून आज सांगतोय.

माझा मुलगा धम्मरत्न बुलडाण्याला शिक्षक आहे. त्याला पहिल्यापासून खेकडा पसंत नव्हता. त्याच्या मते मी एक दिवस नाल्यात उलटा पडणार. मुलगी धम्मशीला, घरात आम्ही तिला शीला म्हणतो, तिने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स केला. वर्गात सगळी पोरं आणि ही एकटी मुलगी, आणि पहिली आली. तिचा निकाल मी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्या वेळी दोन जण उशिरा आले. आता ती बुलडाण्यात दुचाकीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम करते. माझ्या मोबाइलमध्ये तिचा निळ्या डांगरीतला फोटो आहे आणि धाडमध्ये तो न पाहिलेला माणूस शोधावा लागेल.

आता माझी लाज सांगतो. खेकड्याच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळू लागलं, तेव्हा मी शीलाला फोन केला नाही. मी गोकुळ मिस्त्रीला बोलावलं.

गोकुळचं दुकान बसस्टँडजवळ. वीस वर्षांचा हात. त्याने कार्बोरेटर उघडला, मला आतली रचना दाखवली. टाकीतून पेट्रोल खालच्या वाटीत येतं. वाटीत एक फ्लोट तरंगतो, आपल्या पाण्याच्या टाकीत गोळा असतो तसा. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक सुई वर दाबून पेट्रोल बंद करतो. सुई नीट बसली नाही तर जास्तीचं पेट्रोल एका बारीक नळीतून खाली जमिनीवर पडतं. गोकुळने सुई बदलली. दोन दिवस बरं वाटलं, मग परत टिप टिप. त्याने पुन्हा दुसरी सुई घातली. परत टिप टिप. तिसऱ्यांदा मी त्याला बोलावलं नाही. मी स्वतःच खाली वाकून पाहिलं.

गळत होतं त्या बारीक नळीतून. आता ठिबकची नळी गळायला लागली की मी काय करतो? भोकात डमी ठोकतो. डमी म्हणजे बोटाच्या पेराएवढं काळं बूच, भोक बुजवायचं. माझ्या खिशात दोन-चार कायम असतात. मी एक डमी काढली आणि नळीच्या तोंडात अंगठ्याने दाबून बसवली. गळती बंद! वीस वर्षांच्या हाताला जे जमलं नाही ते मी एका डमीत केलं. त्या दिवशी मी टपरीवर दोन कप चहा प्यायलो आणि गोकुळला काही येत नाही, हे चार माणसांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन येताना खेकड्यातून पांढरा धूर निघाला. गाडी गुरगुरली, अडखळली, कशीबशी घरापर्यंत आली. मी ती अंगणात लावली आणि पुन्हा सुरू केली नाही. डमी तशीच आत होती. टाकीचा कॉक बंद करायची मला सवय नाही, तो उघडाच राहिला. पाच दिवस गाडी अशी उभी होती.

धम्मरत्नला निमित्तच पाहिजे होतं. त्याने फोनवर सांगून टाकलं, “बाबा, आता बस झालं. लोनारचा एक मानूस हाय, ऋत्विक नावाचा, त्याच्याकडं पर्यटकांसाठी अशा सहा गाड्या हायेत. तो जशी हाय तशी न्यायले तयार हाय. रविवारी चार वाजता मी त्याले घेऊन येतो.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर ओट्यावर जाऊन बसलो. तो ओटा मला त्या दिवशी फार ओळखीचा वाटला.

कलाबाईने मला न विचारता शीलाला फोन केला. हे मला रविवारी सकाळी कळलं, जेव्हा ती म्हणाली, “उठा. शीला पहिल्या जीपनं येऊन राह्यली.”

मी उठलो आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? अंगणात जाऊन नळीतली डमी उपटली. डमी निघताच पेट्रोलची धार सुटली, मातीत ओला डाग पडला. मी डमी कुंपणापलीकडे फेकून दिली. गावाला जी करामत सांगत होतो, ती मुलीला दाखवायला मला नको वाटली. का, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

शीला पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन आली. चहा उभ्यानेच प्यायली, पेल्यावरून माझ्याकडे पाहत.

“बाबा, मले काऊन नाई सांगतलं?”

“तुले सुट्टी कुठी असते.”

“रविवारी असते. तुमाले माईत हाय.”

“लहान काम होतं.”

“मंग गोकुळकाकानं दोनदा काऊन केलं?” ती म्हणाली आणि पेला आईच्या हातात दिला. तिला खरं कारण कळलं होतं, हे मला तिच्या पाठीवरून दिसलं. तिच्या नावाने मी सगळ्या गावात छाती फुगवून फिरत होतो, पण माझी स्वतःची गाडी तिच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा मी बसस्टँडवरचा मिस्त्री शोधला होता.

तिने आधी कॉक बंद केला. बॅटरीची तार काढली. शेजारचे राजकुमारभाऊ विडी ओढत पाहायला आले होते, त्यांना विडीसकट परत पाठवलं. मग डॉक्टर विचारतात तसे प्रश्न सुरू झाले. कधीपासून गळते? उभी असताना गळते की चालताना? चढावर जास्त गळते का? मी उत्तरं देत गेलो. मग तिने मातीतल्या ओल्या डागाला हात लावला, वास घेतला आणि विचारलं, “पूरं पेट्रोल बाहीरच पडत होतं ना, बाबा? सारा टाइम?”

“हो,” मी म्हटलं. “सारा टाइम.”

तिने मान हलवली आणि कामाला लागली. एवढं एक खोटं मी बोललो, आणि ते किती मोठं होतं हे मला दुपारी समजणार होतं.

कार्बोरेटर काढून तिने ओसरीत जुन्या चादरीवर ठेवला. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. तिची बोटं मी लहानपणापासून पाहिली आहेत, पण काम करताना कधी पाहिली नव्हती. माझ्यासारखी ती घाई करत नाही. मी स्क्रू काढला की कुठेही ठेवतो आणि मग बायकोवर ओरडतो. तिने प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच क्रमाने एका ताटलीत मांडला. वाटी उघडली. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलंय का ऐकलं. नव्हतं. सुईचं टोक उजेडात धरून पाहिलं.

“सुई तं नवीकोरी हाय,” ती म्हणाली. “गोकुळकाकाचं काही चुकलं नाई इथी.”

मला ते फारसं आवडलं नाही.

तिने कार्बोरेटर उलटा धरला, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद झाली, आणि पेट्रोल येतं त्या तोटीला एक नळी लावून तोंडाने फुंकलं. हवा जायला नको होती. जात होती. तिने सुई काढली, पुसली, परत बसवून बोटाने दाबून धरली, पुन्हा फुंकलं. तरी हवा जातच होती. मला वाटलं, झालं, हीसुद्धा तिसरी सुई मागणार. पण ती थांबली. कपाळाला आठ्या घालून बसली, अगदी तिच्या आजीसारखी.

मग तिने एका झाकणात थोडं पेट्रोल घेतलं आणि सुईभोवती ओतलं. सुई जिच्यात बसते ती एक लहान पितळी नळी असते, तिला सीट म्हणतात. ती सीट बुडेल एवढंच पेट्रोल. सुई बोटाने दाबून तिने पुन्हा हळू फुंकलं.

“बाबा, इकडं या. पाहा.”

मी काठी टाकून तसाच वाकलो. गुडघा बोंबलला, त्याला बोंबलू दिलं. पेट्रोलमधून बारीक बुडबुडे येत होते. सुईच्या टोकापाशी नव्हते. सीटच्या बाहेरच्या कडेने, पितळ आणि कार्बोरेटरच्या मधल्या फटीतून येत होते.

“सुई दार बंदच करून राह्यली,” शीला म्हणाली. “पेट्रोल चौकटीच्या बाजूनं येऊन राह्यलं. दार कितीबी बदला, काय फायदा?”

एक बारीक स्क्रू काढून तिने ती सीट ओढून बाहेर काढली. सीटच्या कमरेला एक रबराचं कडं होतं, ओ-रिंग, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. नखाने दाबलं तर तुकडे पडले. वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून ते वाळून कडक झालं होतं. सगळा खेळ त्या कड्याचा होता, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नव्हतं.

मला काय झालं ते सांगतो. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मला तिथूनच ओरडावंसं वाटलं, राजकुमारभाऊंना, टपरीला, सगळ्या धाडला. निकाल वाचताना आलं होतं ते वेगळं. तेव्हा मी कागद वाचत होतो. इथे माझ्या डोळ्यासमोर माझ्या मुलीने बुडबुड्यांवरून चोर पकडला होता.

“थांब, मह्याकडं हाय असं रबर,” मी म्हटलं आणि ठिबकच्या डब्यातून चार कडी आणून दिली. तिने एक निवडलं, मापाला लावलं, बसतही होतं. मग बाजूला ठेवलं.

“हे पान्याचं रबर हाय, बाबा. पेट्रोलमंधी फुगते. आठ दिवसांत अजून गळन. पेट्रोलचंच पाह्यजे.”

तिने गोकुळला फोन लावला. मी हाताने नको नको करत होतो. ज्याच्या नावाने मी आठ दिवस बोटं मोडली त्याला घरी बोलावायचं? पण ती बोलत होती, “काका, जुन्या कार्बोरेटरची किट हाय का तुमच्याकडं? सीटच्या ओ-रिंगची? हाव, सीटची. सुईची नाई.”

अर्ध्या तासाने गोकुळ स्वतःच आला. मला “जय भीम, पुंजाभाऊ” म्हणाला, माझ्याकडे न पाहता. टपरीवरचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं हे उघड होतं. पण शीलाने सीट दाखवली, तुटलेलं कडं दाखवलं, पुन्हा एकदा बुडबुड्यांचं सांगितलं, तसा तो चादरीवर मांडी घालून बसला. सीट हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला.

“वीस वर्षं झाली,” तो म्हणाला, “म्या ही सीट कधी काढूनच नाई पाह्यली. सुई बदलली की काम होते, नाई झालं तं कार्बोरेटरच बदला म्हनतो गिऱ्हाइकाले.” मग हसला. “बाई, तुह्या ट्रेनिंगले मी येऊ का?”

“या ना, काका. सुट्टीच्या दिवशी या.”

मोठा माणूस आहे गोकुळ. हे मला त्या दिवशी मानावं लागलं, आणि मानायला बरंच जड गेलं.

नवं कडं बसवलं. पुन्हा पेट्रोल ओतून फुंकलं. एक बुडबुडा नाही. तीन वाजायला आले होते. कार्बोरेटर जागेवर गेला, कॉक उघडला, आम्ही तिघं खाली वाकून त्या बारीक नळीच्या तोंडाकडे पाहत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कोरडी ठणठणीत. कलाबाई दारात उभी राहून म्हणाली, “असे काय बसले? कोंबडी अंडं देनार हाय का?”

शीलाने बॅटरीची तार जोडली. हात पुसत ती गोकुळला सांगत होती, “नशीब काका, हे पेट्रोल बाहीर तरी पडत होतं. ही नळी बुजली असती ना, तं सारं पेट्रोल मांगून इंजिनात गेलं असतं. ऑइल पातळ होते मंग. तशा ऑइलवर गाडी चालवली का इंजिन गेलंच समजा. पार जाम.”

तिचा अंगठा स्टार्टरच्या बटणाकडे गेला.

मी ते दृश्य अजून विसरलो नाही. काळं बटण, त्याच्यावर ग्रीस लागलेला अंगठा, बाजूला गोकुळ. गोकुळ, ज्याला मी चार माणसांत अडाणी म्हटलं होतं. गप्प राहिलो तर माझी लाज राहत होती. इंजिन गेलं असतं, लोणारवाला खेकडा घेऊन गेला असता, आणि लोक म्हणाले असते, मुलीला दिली अन् इंजिनच बसलं. तिच्या घरच्या पहिल्याच कामावर जन्माचा डाग. मी टपरीवर वाचलेला निकाल, तो फोटो, सगळं खोटं पडलं असतं, आणि खोटं पाडणारा मी असतो.

“थांब!” मी ओरडलो. एवढ्या जोराने की कलाबाईच्या हातातलं सूप पडलं. “बटन दाबू नको. नळी बुजली होती.”

शीलाचा अंगठा तसाच हवेत राहिला. “कोनं बुजवली?”

“म्या. ठिबकची डमी ठोकली होती. पाच-सहा दिवस. आज सकाळी तू याच्या आंधी काढून फेकली.”

गोकुळ दुसरीकडे पाहू लागला, तेवढी भलमनसी त्याने दाखवली. मला वाटलं शीला चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने खाली बसून इंजिनातलं ऑइल मोजायची काठी काढली, बोटाने पुसली, पुन्हा बुडवली, बाहेर काढून वास घेतला. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं आणि पाण्यासारखं काठीवरून ओघळत होतं. पेट्रोलचा भपकारा मला खुर्चीपर्यंत आला.

“ही काठी पाहनं पयलं काम असते,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. “कोन्याबी गिऱ्हाइकाची गाडी असती तं पाह्यली असती. गिऱ्हाईक काय बी सांगते. तुमी सांगतलं, सारा टाइम बाहीर पडत होतं, म्हनून म्या नाई पाह्यली.”

माझ्या साठ वर्षांत मला लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं आहे. असं कोणी बोललं नव्हतं. तिने माझ्या शब्दावर विसंबून काठी पाहिली नाही, आणि मी तिच्या हातावर माझी गाडी सोडली नव्हती.

“चुकलं मह्यं,” मी म्हटलं. मग गोकुळकडे वळून तेच म्हटलं, “आन् तुह्यंबी वाईट बोललो, गोकुळ. उद्या टपरीवर जाऊन खरं काय ते सांगतो.”

“सांगा, सांगा,” गोकुळ म्हणाला. “मी बी येतो ऐकाले. चहा तुमचा.”

शीला हसली. तिने बाह्या वर केल्या आणि तिघांनाही कामाला लावलं. खालचा नट काढून ऑइल घमेल्यात सोडलं, ते थांबेचना, एवढं पेट्रोल आत शिरलं होतं. प्लग काढून बाजूला दूर ठेवला आणि इंजिन रिकामंच फिरवलं, तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली, गोकुळचा सदरा भिजला. एकदा नवं ऑइल घालून, थोडं फिरवून, तेही काढून टाकलं. मग पुन्हा ताजं. ऑइलचे डबे गोकुळने दुकानातून आणले. चार वाजून गेले होते. मी घड्याळाकडे पाहत होतो, शीला एकदाही पाहत नव्हती.

या वेळी तिने काठी काढली, पाहिली, आणि मग मला न विचारता बटण दाबलं. पहिल्यांदा घरघर. दुसऱ्यांदा घरघर. तिसऱ्यांदा खेकडा असा खणखणीत बोलला की कुंपणावरचे कावळे उडाले. थोडा धूर आला, कमी झाला, गेला. शीलाने डोळे मिटून आवाज ऐकला. कुठे खरखर नव्हती.

“वाचलं,” ती म्हणाली. “इंजिन वाचलं, बाबा.”

तेवढ्यात फाटकाशी मालवाहू गाडी थांबली. धम्मरत्न उतरला आणि त्याच्यामागून तो लोणारचा ऋत्विक, काळा चष्मा लावलेला. चालू गाडी पाहून ऋत्विकचा चेहरा उजळला आणि धम्मरत्नचा गोंधळला.

“काका, ही तर मस्त चालू आहे. कोणी केली?” ऋत्विकने मला विचारलं.

असा प्रश्न मला कोणी विचारला की माझं कौतुक शीलाच्या सातवीतल्या स्कॉलरशिपपासून सुरू होतं. जिभेवर सगळं आलं होतं. मी गिळलं.

“मले काऊन विचारता?” मी म्हटलं. “मिस्त्री समोर उभी हाय. तिले विचारा.”

मग तीच बोलली. सीट, कडं, बुडबुडे, इंजिनात गेलेलं पेट्रोल. नळी कोणी बुजवली ते तिने सांगितलं नाही. ते मी धम्मरत्नला सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने, म्हणजे नंतर कोणाला कुजबुजायला उरू नये. त्याने कपाळावर हात मारला. पण बहिणीकडे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे माझ्यासारखेच कौतुकाने भरले होते. तो हळूच ऋत्विकला म्हणाला, “माफ करा, भाऊ. तुमची चक्कर फुकट गेली. ही गाडी आता नाई निघनार घरातून.”

ऋत्विक चिडला नाही. त्याच्या सहांपैकी दोन गाड्या अशाच गळत होत्या, सुया बदलून तो थकला होता. त्याने शीलाचा नंबर घेतला आणि रविवारी लोणारला येशील का विचारलं. ती म्हणाली, ऑइलची काठी मी आधी पाहणार, तुम्ही काही सांगितलं तरी. गोकुळ एवढा हसला की त्याला ठसका लागला.

माणसं गेल्यावर शीला म्हणाली, “चढावर पाहनं बाकी हाय. सपाटीवर गळत नाई, चढावर गळू शकते. चला वावरात.”

मी चालवायला बसलो, ती मागे. नाला ओलांडला, पांदणीचा चढ धरला. गोट्यांवरून खेकडा एकेक पाय टाकल्यासारखा वर गेला. चढाच्या ऐन मध्ये तिने थांबवायला लावलं. उतरली, जमिनीवर पालथी झोपली आणि गाडीखाली डोकं घातलं. मी ब्रेक दाबून बसलो होतो. तिथून माझी मिरची दिसत होती. दुरूनच कळत होतं, फुलोरा टिकला होता.

“कोरडं हाय,” ती खालून म्हणाली. उठली, कपड्यांची माती झटकली आणि मला हात पुढे केला. “उतरा, बाबा. तुमी बी बोट लावून पाहा एकडाव.”

“मी कायले पाहू?” मी म्हटलं. “तू पाह्यलं ना? बस मांगं.”

ती बसली आणि मी गाडी वावराकडे काढली.